मोसंबी घेऊन कुणी आलं नाही

(नाशिक इथं तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, आलिम नाही, समुपदेशकही नाही. त्यामुळे मानसिक आरोग्यावर बोलायला मला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. संयोजकांना मीच सांगितलं होतं की मी तज्ज्ञ म्हणून येणार नाही, पेशंट म्हणून येईन. ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग म्हणाले, "मग तर नक्कीच या."

मी जुन्या नाशकात, चौक मंडईजवळच्या एका गल्लीत वाढलो. तुमच्यापैकी अनेकजण तिथले किंवा वडाळा गावातले, मालेगावचे असतील. आपला मोहल्ला म्हणजे एक बेट आहे, असं मला नेहमी वाटतं. एकीकडे गोदावरी, दुसरीकडे सारडा सर्कल आणि मध्ये आपलं सगळं जग. मशीद, मदरसा, किराणा, शिंपी, कपड्याचं दुकान, नातेवाईक, लग्नाचा हॉल, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. बेटावर राहण्याचे फायदे मी नाकारत नाही. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर पाच मिनिटांत चार रिक्षा उभ्या राहतात. घरात मयत झाली तर तीन दिवस चूल पेटवावी लागत नाही, शेजारचे डबे येतात. कुणाचा पाय मोडला तर संध्याकाळपर्यंत खाटेशेजारी मोसंबी, सफरचंद आणि नारळपाण्याचा ढीग लागतो. आजाऱ्याला भेटायला जाणं, इयादत, हा आपल्याकडे सवाब आहे, माणसाचा माणसावरचा हक्क आहे.

पण याच बेटावर कुणाचं मन मोडलं तर मोसंबी घेऊन कुणी येत नाही. म्हणजे लोक वाईट आहेत असं नाही. त्यांना कळतच नाही, कारण आपण कळू देत नाही.

माझी गोष्ट सांगतो.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. आपल्या शहरासाठी तो महिना काय होता ते आठवा. २१ एप्रिलला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि व्हेंटिलेटरवरची वीसहून अधिक माणसं गेली. त्याच महिन्यात, दुसऱ्या एका दवाखान्यात, माझे अब्बा गेले. मी वर्क फ्रॉम होम करत होतो म्हणून नाशकात होतो, एवढंच समाधान. जनाज्याला आम्ही मोजून पाच जण होतो. खांदा द्यायला रांग लागली नाही. घरी पुरसा द्यायला कुणी आलं नाही, डबे आले नाहीत, जियारतीला माणसं जमली नाहीत. कुणाची चूक नव्हती, सगळी घरं तशीच होती.

तेव्हा मला हे समजलं नव्हतं, आता समजतं. आपल्या मोहल्ल्यात मानसोपचाराची एक जुनी व्यवस्था होती, तिला फक्त ते नाव नव्हतं. गर्दी, खांदा, डबा, तीन दिवसांची उठबस, "अल्लाह सब्र दे" म्हणणारी शंभर माणसं. दुःख हलकं करण्याचं काम हे सगळं करत होतं. त्या एप्रिलमध्ये ही व्यवस्था बंद पडली आणि तिच्या जागी आपल्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मी चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि काम सुरू केलं. सगळे म्हणाले, किती खंबीर मुलगा आहे.

ऑगस्टमध्ये एका मीटिंगच्या मध्येच माझी छाती आवळली. हात थंड पडले, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण मरतो, अशी खात्री पटली. अम्मी आणि बायको मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. ईसीजी नॉर्मल. "गॅस असेल," असं सांगून घरी पाठवलं. पुढच्या दोन महिन्यांत असं सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी ईसीजी नॉर्मल आणि प्रत्येक वेळी मी मरणार याची खात्री मात्र तेवढीच पक्की. अम्मी म्हणाली, "नजर लगी है." एका आमिलकडे नेलं. त्याने ताविज दिला आणि घराच्या उंबऱ्यात काहीतरी पुरलेलं आहे असं सांगितलं. आम्ही उंबरा उकरला. मी, इंजिनिअरिंगची डिग्री असलेला माणूस, हातात पहार घेऊन स्वतःच्या घराचा उंबरा उकरत होतो. हसू नका. हसलात तरी चालेल, आता मलाही हसू येतं.

डिसेंबरमध्ये बायकोने मला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. दवाखाना गंगापूर रोडला, म्हणजे बेटाच्या बाहेर. तरीही मी तोंडाला मास्क, डोक्याला टोपी आणि वर जर्किनचा हूड घालून गेलो. रिसेप्शनवर माझं नाव मोठ्याने पुकारलं तेव्हा मान खाली घातली. आत गेल्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतो तशा इंग्रजीत सुरुवात केली. सिम्प्टम्स, ड्युरेशन, फ्रिक्वेन्सी. डॉक्टरांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मराठीत विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?"

मी म्हणालो, "मोहल्ल्याची हिंदी. मित्रांशी मराठी."

"मग त्यात सांगा."

मी म्हणालो, "दिल घबराता है." आणि रडायला लागलो. अब्बा गेल्यानंतर पहिल्यांदा.

तुम्ही लक्ष द्या, आपल्या घरांत डिप्रेशन हा शब्द कुणी वापरत नाही. आपल्या अम्मी, खाला, फुप्पी म्हणतात, "दिल घबराता है," "जी नहीं लगता," "सर भारी है," "हाथ-पाँव में जान नहीं." मराठीत आपण म्हणतो, जीव घाबरा होतो. आणि आपण त्यांना बीपीची गोळी किंवा शक्तीचं इंजेक्शन देऊन घरी आणतो. माझी अम्मी किती वर्षं "दिल घबराता है" म्हणत होती, ते मी त्या दिवशी खुर्चीत बसून मोजायला लागलो. बायकांचं तर आणखी अवघड. दवाखान्यात एकटं जायचं नाही, सोबत जाणाऱ्याला कारण सांगायचं, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर "खानदान में बीमारी है" ही भीती. बाळंतपणानंतर सून गप्प झाली, बाळाकडे बघेना, तर आपण म्हणतो साया झाला. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत आणि त्यातून बाई पूर्ण बरी होऊ शकते, हे सांगणारं कुणी नसतं.

मला पॅनिक डिसऑर्डर आणि डिप्रेशन असं निदान झालं. गोळ्या आणि समुपदेशन मिळून चौदा महिने लागले. मी बरा झालो. बायको सोडून कुणालाही सांगितलं नाही. गोळ्यांची पाकिटं ऑफिसच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात ठेवायचो. इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला फार लाज वाटत नाही. पुढची सांगायला वाटते.

२०२३. माझ्या खालाचा मुलगा, तेव्हा बावीस वर्षांचा. तुमच्याच वयाचा. त्याची परवानगी घेऊन सांगतोय, नाव सांगणार नाही. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. एका रात्री पावणेतीनला त्याचा मेसेज आला, "भाईजान, नींद नहीं आती. सब बेकार लगता है." मी सकाळी वाचला. चहा पिता पिता उत्तर टाइप केलं, "सब्र कर. फज्र को उठा कर. सब ठीक हो जाएगा." आणि एक अंगठा.

विचार करा. हे उत्तर कोण देत होतं? ज्याच्या बॅगेच्या कप्प्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं अजून पडलेली होती तो माणूस.

त्याने पुन्हा मेसेज केला नाही. मला वाटलं, बरा झाला असेल. अकरा दिवसांनी खालाचा फोन आला. तो दवाखान्यात होता. त्याने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला होता. अल्लाहचा करम, तो वाचला.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खाटेशेजारी बसलो. खूप वेळ कुणी काही बोललं नाही. मग मी त्याला माझं सगळं सांगितलं. ईसीजी, उंबरा, हूड, गोळ्या, सगळं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "भाईजान, मेरे को लगा तुम्हारे को समझेंगाच नहीं. तुम्हारे को तो कभी कुछ हुआच नहीं."

म्हणजे मी जे लपवलं होतं त्यामुळे माझी इज्जत वाचली नव्हती. त्या रात्री माझ्यापर्यंत आलेल्या मुलाला परत पाठवण्याचं काम माझ्या लपवण्याने केलं होतं. मी आज इथे उभा राहून बोलतोय त्याचं कारण एवढंच आहे.

आता "सब्र" या शब्दाबद्दल. हा शब्द मी त्या दिवशी दार लावून घ्यायला वापरला. सूरह यूसुफ तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. मुलगा हरवल्यावर हजरत याकूब उत्तम सब्राची गोष्ट करतात. आणि त्याच सूरहमध्ये पुढे, दुःखाने त्यांचे डोळे पांढरे होतात. म्हणजे सब्र करणारा माणूस आणि रडून रडून डोळे गमावणारा माणूस एकच आहे, आणि तो पैगंबर आहे. बीबी खदिजा आणि अबू तालिब गेले त्या वर्षाला तर आपल्या इतिहासात दुःखाचं वर्ष असंच नाव आहे. मग आपण आपल्या मुलांना कोणत्या तोंडाने सांगतो की उदास वाटतंय म्हणजे ईमान कमजोर आहे? सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे. डायबिटीसवाल्याला आपण सब्र कर म्हणतो आणि इन्सुलिनही देतो. दुआ आणि दवा यांच्यात निवड करायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

आणि हे काही पश्चिमेकडून आलेलं खूळ नाही. अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण न सापडणारं दुःख असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. माणूस घरात औषधं साठवून ठेवतो तसे निरोगी असतानाच धीर देणारे विचार मनात साठवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता. दमास्कस आणि कैरोच्या बिमारिस्तानांमध्ये मनाच्या रुग्णांवरही उपचार व्हायचे. आणि आज आपण? ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात आग लागली. तिथे मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही. २८ माणसं गेली.

पण दर्ग्याचीच दुसरी गोष्टही आहे. गुजरातमध्ये उनावाला मीरा दातार दर्गा आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारातच बसू लागले. मुजावर आलेल्या माणसासाठी दुआ करतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. लोकांची श्रद्धा कुणी मोडली नाही, साखळी मात्र सुटली. आपल्या बड्या दर्ग्यावर जुमेरातीला केवढी गर्दी होते. त्यातली किती माणसं "दिल घबराता है" म्हणून आलेली असतात? तिथल्या बुजुर्गांशी बसून बोलण्याचं काम तुमच्यातल्या चार-पाच जणांनी घेतलं तर ते अशक्य नाही.

काहीजण म्हणतील, भाई, आपल्या पोरांचा ताण आजाराचा नाही, परिस्थितीचा आहे. नाव ऐकून भाड्याने घर मिळत नाही, रोज टीव्हीवर आपल्यावरच चर्चा. खरं आहे. मी पुण्यात असताना सात घरं बघितली होती, आठवं मिळालं. आपल्याच जिल्ह्यात ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बड्या कब्रस्तानात स्फोट झाले. त्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केलं. मधल्या दहा वर्षांत आपण वकिलांचं बोललो, मोर्चांचं बोललो, आणि बोलायलाच हवं होतं. पण त्या घरांतली मुलं रात्री झोपतात का, हे कुणी विचारलं? ज्यांची माणसं स्फोटात गेली त्या घरांत कुणी विचारलं? अन्याय खरा आहे म्हणून जखम खोटी ठरत नाही. पाय दगडाने मोडला असला तरी प्लास्टर लागतंच. दगड मारणाऱ्याविरुद्ध लढायचं आणि प्लास्टरही घालायचं.

आता कामाचं बोलतो. हे लिहून घ्या.

एक. १४४१६. हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत किंवा हिंदीत बोलता येतं. बेटाबाहेर न जाता, हूड न घालता फोन करता येतो. आत्ता सगळ्यांनी मोबाईल काढा आणि सेव्ह करा. मी थांबतो.

दोन. त्र्यंबक रोडच्या आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. इतर ओपीडीसारखाच केसपेपर काढायचा. खासगी डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका.

तीन. कायदा तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचार मिळणं हा त्यात हक्क आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, तेव्हा नोकरीत पॉलिसी मिळाली की तेवढं वाचून बघा. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा मानतो, त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी धरतो. माझ्या खालाला पहिल्या रात्री सगळ्यात मोठी भीती पोलीस केसची होती. त्या भीतीपोटी घरचे उशीर करतात. उशीर करू नका.

चार. तुम्ही एकटे नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. या हॉलमध्ये आपण साठेक जण आहोत. हिशोब तुम्हीच करा.

पाच. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्री पावणेतीनला कुणाचा मेसेज आला तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. सकाळी वाचलात तरी चहा बाजूला ठेवा आणि फोन करा. "किती दिवसांपासून?" एवढंच विचारा आणि ऐका. जीव द्यायचे विचार मनात येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा, १४४१६ लावा, आणि धोका समोर दिसत असेल तर थेट दवाखान्यात न्या. तुम्हाला त्याला बरं करायचं नाहीये, ते डॉक्टरचं काम. तुम्हाला फक्त दारापर्यंत सोबत जायचंय.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला तर रात्री उठायची पाळी ठरलेली असते. या आठवड्यात मी, पुढच्या आठवड्यात तू. आणि सर्व्हर का पडला याची चर्चा करताना एक नियम असतो, कुणाला दोष द्यायचा नाही, काय घडलं ते शोधायचं. मोहल्ल्यात आपण उलट करतो. माणूस पडला की आधी दोष शोधतो. मोबाईलचा दोष, आईच्या लाडाचा दोष, नमाज सोडल्याचा दोष. आम्ही चार मावसभावंडांनी आता पाळी ठरवली आहे. रात्री फोन चालू ठेवायची पाळी. चारच माणसं लागतात. तुम्हीही करू शकता.

माझा मावसभाऊ आज ठीक आहे. औषध चालू आहे, एका दुकानाचे हिशेब बघतो, परीक्षा पुन्हा द्यायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही आणि आम्ही विचारतही नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं गोदाघाटावर फिरायला जातो. कधी बोलतो, कधी नाही.

तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा खालाने सगळ्यांना टायफॉइड सांगितलं होतं. महिनाभराने तो स्वतःच म्हणाला, "अम्मी, सच बोल दो." खालाने शेजारच्या चाचांना सांगितलं. मला वाटलं, आता गल्लीत बातमी होणार. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर चाचा आले. हातात जाळीची पिशवी, पिशवीत डझनभर मोसंबी. खुर्ची ओढून बसले आणि घरच्या सगळ्यांसमोर, जसं पाय मोडलेल्याला विचारतात तसं विचारलं, "क्यों मियाँ, दवा टाइम पे लेता ना?"

तो म्हणाला, "लेता, चाचा."

"अच्छा है," चाचा म्हणाले आणि मोसंबी सोलायला लागले.